हंसाबाईच्या चालण्याचा आवाज

पांढरकवडा
८ जानेवारी २०२५

बबी बाई,

फोनवर तू मले बोलूच देत नाहीस. "सुन्या, मुद्द्याचं बोल" म्हणतेस अन् मुद्दा येईपर्यंत तांड्यातला टॉवर जातो. म्हणून पत्र. पत्रात मधे कोणी तोडत नाही. शिवाय सोबत हे कोरं मेमरी कार्ड पाठवायचं होतं, ते फोनमधून कसं आलं असतं?

सध्या हायवेवरच्या एका ढाब्यामागं मुक्काम आहे. सोबत सत्यशीला ताई आहेत. यवतमाळच्या. चित्रकार, पण कागदावर काढत नाहीत; भिंतीवर चालतं चित्र दाखवतात अन् त्याले आवाज लावतात. आवाज गोळा करायचं काम माझं. तुले वाटत असेल, हे काय नवीन. टायरच्या दुकानात होतो, हैदराबादले हॉटेलात होतो, मग मंडपवाल्याकडं भोंगे लावत होतो, तिथंच ताईंची भेट झाली. म्हणे, तुझे कान चांगले आहेत. माझे कान आजवर मास्तरांनी फक्त पिळले होते, चांगले कोणी म्हटले नव्हते.

पहिल्याच दिवशी ताईंनी गंमत दाखवली. जिनिंगमध्ये कापसाचा ढीग कोसळतो आहे, एवढंच चित्र. त्याले भजी तळल्याचा आवाज लावला. बबी, कापूस गरम दिसायला लागला! मग तेच चित्र, अन् आवाज झोपलेल्या लेकराच्या श्वासाचा. आता ढिगाले हात लावायची भीती वाटे, जागा होईल म्हणून. ताई म्हणतात, माणूस म्हणतो डोळ्यावर विश्वास आहे, पण ठेवतो कानावर. इथं एक ट्रक उभा आहे, त्याच्या मागं मोर काढलेला आहे अन् त्या मोराले कोणीतरी चष्मा... जाऊ दे, मुद्दा.

मार्चमध्ये यवतमाळले बंद पडलेल्या एका जिनिंगच्या गोदामात प्रदर्शन आहे. ताई म्हणाल्या, एक काम तू स्वतःचं कर. जमलं तर भिंतीवर तुझं नाव लागेल. मले काकीचं, तुझ्या याडीचं, चालणं पाहिजे. गोठ्यापासून घरापर्यंत, फेटिया नेसून, डोक्यावरून टुकरी घेऊन. आता तसा पेहराव करणाऱ्या आपल्या तांड्यात किती बाया राहिल्या? तुझ्या मोबाइलवर घे, हात हलवू नको. आवाज खराब आला तरी चालेल, आवाजाचं मी पाहतो.

तुझा भाऊ,
सुनील


आंबातांडा, दिग्रस
२१ जानेवारी

सुन्या,

कार्ड परत पाठवते. तीन वेळा घेतलं. पहिल्यात बकरी आडवी आली, दुसऱ्यात राखी वहिनी मधेच ओरडली, तिसरं बरं आहे, फक्त मागं ट्रॅक्टर वाजून राह्यला.

याडीले सांगितलं तर म्हणे, "माह्या चालण्यात काय पाह्याचं हाये? म्हशी काय कमी हायेत गावात?" मग थोड्या वेळानं म्हणे, "मागून घे. समोरून नको." म्हणून मागून घेतलं.

तिनं विचारलं, सुन्या कधी येते. मी म्हटलं, येईल. यवतमाळहून दिग्रसची गाडी कितीदा सुटते ते तुले माहीत आहे, म्हणून लिहीत नाही. तुझे देवसिंग काका जाऊन सव्वा वर्ष झालं अन् तू दारात आला नाहीस, तेही लिहीत नाही. आई गेली तेव्हा सात वर्षांचा होतास, तेव्हापासून कोणाच्या हातचं खाऊन मोठा झालास, ते तर अजिबातच लिहीत नाही.

मले उद्या आशांच्या मीटिंगले जायचं आहे. तू जेवत जा वेळेवर.

बबिता


यवतमाळ
९ फेब्रुवारी

बबी बाई,

झालं! कार्डावर पाठवलं आहे, मोबाइलात टाक अन् आधी काकीले दाखव, मग तू पाहा.

सांगतो कसं केलं. तुझ्या चित्राचा आवाज मी पूर्ण काढून टाकला, ट्रॅक्टरसकट. तीन वर्षांपूर्वीची होळी आठवते? मी अंगणात माईक ठेवून लेंगीची वाट पाहत बसलो होतो अन् बाया काही गायला येईनात. तेवढ्यात काकी गोठ्याकडून आली. पायातली वाकडी, हातातले चुडे, अन् सगळ्याच्या वर घुगरीचा आवाज. तो मी तेव्हापासून जपून ठेवला होता. फोन तीनदा बदलले, तो आवाज हरवला नाही. ताईंना घुगरी माहीत नव्हती. सांगितलं की कानाच्या वर केसांत गुंफलेले चांदीचे झुबके असतात, गालापर्यंत लोंबतात, चाललं की बोलतात.

काकी उजव्या पायावर जरा जोर देते ना? तेव्हाही देत होती, आताही देते. त्या एका गोष्टीवर मी सगळं जुळवलं. पाऊल पडलं की छन्न. ताईंनी एकदा डोळे मिटून ऐकलं, एकदा कानावर हात ठेवून पाह्यलं, मग दोन्ही मिळून. शेवटी म्हणाल्या, "सुनील, ही बाई आता खोलीत आहे."

पंधरा मार्चले उघडणार. भिंतीवर माझं नाव लागणार, ताईंनी अक्षरं कापायले दिली. आपल्या तांड्यातल्या सगळ्या बायांना बोलवायचं आहे, गाडीची सोय ताई करतात. काकी सगळ्यांत पुढं बसेल.

काकी काय म्हणाली ते शब्दाशब्दानं लिही.

सुनील


आंबातांडा
१७ फेब्रुवारी

सुन्या,

कार्ड मिळालं. याडीनं पाह्यलं. मग म्हणे, "फोन पालथा ठेव अन् पुन्हा लाव." तसं चार वेळा ऐकलं. नंतर तिनं चहा ठेवला.

गाडीचं नक्की करू नको अजून. बाकी मग लिहिते, हरभरा काढणं चालू आहे.

बबिता


यवतमाळ
२२ फेब्रुवारी

बबी बाई,

चार वेळा! मी ताईंना वाचून दाखवलं. अन् फोन पालथा ठेवून! म्हणजे चित्राची गरजच पडली नाही तिले. ताई म्हणाल्या, तुझ्या काकीसारखे ऐकणारे लोक मले हयातीत दहा भेटले नसतील.

मी कालपासून गोदामातच आहे. इथं छपराले कबुतरं आहेत, त्यांचा आवाज असा गोळा होऊन येतो की वाटते कोणी म्हातारं माणूस घसा साफ करून राह्यलं. त्याच्या नादात मी दुपारी दोन तास घालवले अन् ताईंनी भिंत रंगवायले सांगितली होती ती राहूनच गेली.

गाडीचं मी नक्की केलं. तू उगाच काळजी करते. तांड्याच्या नायकाच्या घरी मी स्वतः फोन केला. नायकीण म्हणाली, आमी साऱ्या येतो. ताईंच्या मनात आहे की पडदा काकीच्याच हातानं उघडावा. तिले नवी टुकरी पाहिजे असेल तर सांग.

सुनील


आंबातांडा
२८ फेब्रुवारी

सुनील,

तू नायकाच्या घरी फोन केला नसता तर मी हे अजून आठ दिवस लिहिलं नसतं.

तू काय केलंस ते तुले अजून समजलं नाही, म्हणून सरळ लिहिते. याडीच्या अंगावर आता घुगरी नाही. बापू गेले त्या दिवशी उतरली. चुडेही उतरले. तू आपल्याच तांड्यात वाढला, तुले हे मी सांगायचं का? व्हिडिओत टुकरी डोक्यावरून आहे म्हणून दिसत नाही. पण तू त्याले आवाज लावला. आता ती नवरा गेलेली बाई घुगरी वाजवत घराकडं चालली आहे, असं ते झालं. तुझ्या यवतमाळच्या लोकांना ते गोड वाटेल. आपल्या बाया पहिल्या पावलाले ओळखतील. नायकीण तिथंच मोठ्यानं म्हणेल, "अवो हंसा, पुन्हा घातल्या का?" दुसरी म्हणेल, "पोट्ट्यानं घातल्या वाटते." अन् मग ते तांड्यात किती वर्षं चालेल ते तुले माहीत आहे.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा याडीचा हात असा कानाकडं गेला. तिथं काही नव्हतं. मग हात तसाच खाली आणून तिनं पदर सारखा केला. मी पाह्यलं, पण पाह्यलं नाही असं केलं. चहा ठेवला म्हणून लिहिलं होतं ना, तो चहा तिनं तसाच उतू जाऊ दिला.

ती तुले काही म्हणणार नाही. मी म्हणून राह्यली. काढ ते.

बबिता


यवतमाळ
४ मार्च

बबी,

तुझं पत्र काल मिळालं. रात्री जेवलो नाही, म्हणजे भूकच लागली नाही.

मले माहीत होतं. घुगरी उतरते हे कोणाले माहीत नाही? पण काकी माझ्या डोक्यात अजून तशीच आहे. मी तिले तशी पाह्यलीच नाही, मग मले आठवेल कसं? हे कारण म्हणून सांगत नाही, झालं कसं ते सांगतो.

आधी माझ्या मनात आलं की तांड्याची गाडीच रद्द करावी. यवतमाळात कोणाले कळते? आवाज काकीचाच आहे, चालणंही काकीचंच, कोण्या परक्या बाईचं तर नाही. असं म्हणत सकाळपर्यंत होतो. मग ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझं काम आवाजामुळं निवडलं आहे हे तुला माहीत आहे. काढलास तर भिंतीवर एक बाई पाठ करून चालते, एवढंच राहील. प्रदर्शनाची कामं निवडणारे लोक ते ठेवतीलच असं मी सांगत नाही. पण चित्राला आवाज देणं म्हणजे तिच्या वतीनं बोलणं आहे. तिनं तुला बोलायला सांगितलं होतं का?"

मग मी दुसरे आवाज लावून पाह्यले. गोदामात चप्पल घालून चाललो. काकी पोलिसासारखी वाटली. वाळक्या पानांवरून चाललो, जंगलात चालल्यासारखी. ताईंच्या मावशीच्या काचेच्या बांगड्या घेऊन आलो, मावशी म्हणे, "काय रे, लग्न ठरलं का?" काहीच बसत नाही. तुझा ट्रॅक्टरवाला आवाज परत लावला तर सगळं ट्रॅक्टरचंच होते, काकी मागं राहते.

दहा तारखेले सगळं पक्कं करून द्यायचं आहे. आवाज काढला तर माझं नाव राहील का नाही सांगता येत नाही. पहिल्यांदा काहीतरी पुरं केलं होतं मी.

अन् तू दरवेळी विचारतेस, म्हणजे न विचारता विचारतेस, की मी आलो काहून नाही. हैदराबादले मले पंधरा दिवसांनी कळलं. सोयाबीन निघालं तेव्हाची गोष्ट. दिग्रसच्या बसस्टँडपर्यंत आलो होतो. पण आपल्यात बाहेरचं माणूस आलं की बाया गळ्यात पडून, नातं घेऊन घेऊन, सुरात रडतात. काकी माझ्या गळ्यात पडेल अन् तो आवाज माझ्या कानात जाईल, याले मी भ्यालो. एवढे आवाज गोळा केले, त्या एका आवाजाले भ्यालो. मग एक महिना गेला, मग जास्तच लाज वाटली.

काकीले विचार, मी काय करू. ती म्हणेल ते.

सुनील


आंबातांडा
६ मार्च

सुन्या,

हे याडी सांगते अन् मी लिहिते. मी माझं काही घातलं नाही. तुले पत्र लवकर मिळावं म्हणून तांड्यातला संजय स्वतः हे घेऊन येत आहे, त्याले यवतमाळले खताचं काम आहे.

"सुन्या, बेटा. बबी तुले लय बोलली असन. तिचं मनावर घेऊ नको, तिले साऱ्या तांड्याच्या बायाईले गोळ्या वाटा लागते, तिचं डोकं तपते.

मले राग नाही. आवाज आयकला तं मले पह्यले समजलंच नाही का हे कोण हाये. मंग पायावरून समजलं. माणसाले सोताचं चालणं कधी आयकू येत नाही, बेटा. तुह्यामुळं आयकू आलं. येवढे दिवस तू तो सांभाळला, हेच मले नवल वाटलं. तुह्यानं कधी चप्पल सांभाळली नाही.

पण ते चित्र अन् तो आवाज एका जागी ठेवू नको. तुहा काका गेला त्या दिवशी बायाईनं माहे केस सोडले अन् एकेक घुगरी काढली. पह्यली ताटलीत टाकली तं वाजली. मी म्हटलं, फडक्यावर ठेवा. मंग बाकीच्या नाही वाजल्या. तू आला असता तं तुले दिसलं असतं, मंग तू असा आवाज लावला नसता. बस, येवढंच म्हणतो.

चालतानाचं चित्र तू लाव. मी चालतो, त्यात काय लपवाचं? मागून घ्याले मी सांगतलं व्हतं, कारण माहं तोंड अजून मलेच सवयीचं झालं नाही. आवाज मात्र मले पाहिजे. तो कार्डात हाये, तो हाती राहू दे. तुह्याजवळचा पुसून टाक. मी दुपारी कामं झाली का फोन पालथा ठेवून आयकतो. बबीले वाटते मले समजत नाही का ती चोरून पाह्यते.

अन् तू रडण्याले भ्याला म्हणते. आता कोणी रडत नाही. दीड वर्ष होत आलं. आता ये तं तुले चुलीवरची भाकर भेटन, बाकी काही नाही. मी नवी टुकरी कायले घेऊ? मी काही प्रदर्शनात येत नाही. मले इथं म्हैस हाये."

याडीचं संपलं. मी चोरून पाहत नाही. बबिता.


यवतमाळ
१७ मार्च

काकी,

हे पत्र तुले आहे. बबी वाचून दाखवेल. बबी, मधे थांबून काही बोलू नको.

संजयनं पत्र दिलं त्याच दुपारी आवाज पुसला. ताईंच्या कॉम्प्युटरवरून, माझ्या फोनवरून, दोन्ही ठिकाणून. पुसताना एकदा ऐकावा वाटला, पण तू मागितला होता, मग ऐकला नाही.

ताईंनी निवडणाऱ्यांना सांगितलं की काम बदललं आहे. एक जण म्हणे, मग यात राहिलं काय? ताई म्हणाल्या, दोन मिनिटं पाहा, मग बोला. तो दोन मिनिटं पाहत होता, मग घड्याळ पाहत होता. शेवटी ठेवलं, पण आतल्या मोठ्या भिंतीवर नाही, दारामागच्या लहान भिंतीवर. नावाची अक्षरं कापलेलीच होती, ती लावली. भिंत लहान अन् नाव मोठं दिसते.

तांड्याची गाडी आली नाही. नायकीण म्हणाली, हंसा येत नाही तर आम्ही कायले येऊ. बरंच झालं.

मी तिथं दाराशी स्टुलावर बसत होतो. बाकी सगळ्या खोल्यांत आवाज होते. ताईंच्या खोलीत तर असा आवाज आहे की जमीन हलते. लोक तिथून निघून माझ्या भिंतीकडं येत अन् विचारत, "याचा आवाज बिघडला का?" मी म्हणे, "नाही, आवाज घरी आहे." लोक हसत. एक कॉलेजचा पोट्टा म्हणे, "वा, भारी विचार आहे." मी म्हटलं, विचार नाही, घरीच आहे. मग तो वहीत लिहून घेऊ लागला. त्याची वही अशी होती की... जाऊ दे.

पण शांत असलं की लोक हळू बोलतात, हे मी पाह्यलं. ताईंनीही पाह्यलं. काल संध्याकाळी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

खरी गोष्ट परवाची आहे. ढाणकीकडची एक बाई आली होती, आपल्यातलीच, तुझ्यासारखीच फेटिया-टुकरीत. दवाखान्यात कोणाले भेटायले आली होती, गर्दी दिसली म्हणून आत शिरली. बाकी खोल्यांत तिनं कानावर हात ठेवले अन् पटापट बाहेर आली. तुझ्या चित्रासमोर मात्र उभी राहिली. चित्र संपून पुन्हा सुरू झालं, तरी उभी. तू गोठ्यापासून घरापर्यंत चालत जातेस अन् दारात वाकतेस, तिथवर पाह्यलं. मग माझ्याकडं न पाहता आपल्या बोलीत म्हणाली, "इचा मालक कधी गेला?"

मी म्हटलं, "तुमाले कसं समजलं?"

ती म्हणे, "टुकरी कानाजवळ पडली हाये ना. आत काही असतं तं उचललेली राह्यली असती." अन् स्वतःच्या कानाजवळ हात नेऊन दाखवलं. तिची उचललेली होती.

काकी, ते चित्र मी शंभरदा पाह्यलं होतं. एकेक पाऊल मोजलं होतं. टुकरी मी पाह्यलीच नव्हती, कारण तिच्यावर तो आवाज वाजत होता.

मग तिनं पुन्हा विचारलं, "कधी गेला?"

मी म्हटलं, सोयाबीन निघालं तेव्हा.

म्हणे, "दिवस कोणता?"

मले सांगता आलं नाही. कोणी सांगितला नव्हता, अन् मी विचारला नव्हता. ती म्हणे, "तू कोण हाये इचा?" मी म्हटलं, पुतण्या. इनंच वाढवलं. मग तिनं टुकरी सारखी केली अन् गेली. वाईट नाही बोलली, चांगलंही नाही. मी बराच वेळ दाराकडं पाहत होतो.

प्रदर्शन अजून आठ दिवस आहे. ताईंना सांगितलं, स्टुलावर दुसऱ्या कोणाले बसवा. त्या म्हणाल्या, माईक नेतोस का सोबत? मी म्हटलं, नाही.

उद्या सकाळच्या गाडीनं निघतो. पत्र आज टाकतो. ते आधी पोचते का मी, पाहू. पत्र आधी आलं तर दुपारी घरीच राहा, शेतात जाऊ नको. अन् मी आधी आलो तर बबीले हे वाचू देणार नाही. मले तो दिवस समोर बसून विचारायचा आहे.

सुनील